बॅकअप आहे ना?

परवा रविवारी सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "बाबांचा तो गुहागरचा फोटो काढून दे रे. पँट दुमडून समुद्रात उभे आहेत बघ, तो. वर्षश्राद्धाला तोच ठेवू. पासपोर्टवाला नको, त्यात ते चिडल्यासारखे दिसतात."

मी म्हटलं, "पाच मिनिटांत देतो." वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला एक फोटो शोधायला किती वेळ लागणार?

सहा दिवस लागले.

तर झालं असं, की फोटो २००५ सालचा. पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेल्या डिजिटल कॅमेऱ्यातला. तेव्हा फोटो सीडीवर 'राइट' करायचे, वर मार्करने नाव लिहायचं आणि कपाटात टाकायचे. 'कोकण मे २००५' सापडली. पण लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही! ऑफिसातल्या एका मित्राकडून यूएसबीचा ड्राइव्ह आणला. त्याने सीडी फिरवली, घरघर केली, पुन्हा फिरवली आणि हात टेकले.

तरी मी निवांत होतो. कारण २०१० साली सगळ्या सीडी मी एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर उतरवल्या होत्या. ती लावली. टक्... टक्... टक्. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको.

आता गंमत बघा. ऑफिसात माझं कामच हे. दर तीन महिन्यांनी आम्ही डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर चढवून तो खरंच उघडतो का ते बघतो. ज्युनिअर मुलांना मी ऐकवतो, की न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, ती श्रद्धा असते. आणि घरी? घरी श्रद्धाच.

सीडी का गेली ते मला चांगलं ठाऊक आहे. घरी लिहिलेल्या सीडीत डेटा कोरलेला नसतो. रंगाच्या एका पातळ थरावर लेझरने खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा या तिन्हींनी तो थर हळूहळू खराब होतो. आमचं घर डोंबिवलीत, म्हणजे पावसाळ्यात पापडसुद्धा मऊ पडतात. हार्डडिस्क तर फिरणारं यंत्र. वर्षानुवर्षं पडून राहिली म्हणून ती 'जपली' जात नाही.

अशा वेळी मला 'टॉय स्टोरी २'ची गोष्ट आठवते. १९९८ साली पिक्सारमध्ये कोणीतरी चुकीची कमांड दिली आणि बनत असलेल्या सिनेमाच्या फाइल्स पुसल्या जायला लागल्या. बॅकअप काढायला गेले, तर तो नीट चालतच नव्हता. वाचवलं कोणी? गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरने. बाळंतपणानंतर ती घरून काम करत होती, म्हणून एक कॉपी तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती.

आमची गॅलिन सुसमन सांगलीला राहते. माझी आत्या.

गुरुवारी आईने तिला सहज फोनवर सांगितलं. आत्या म्हणाली, "अगं, दादाने मला दिली होती की एक सीडी! साड्यांच्या खाली असेल बघ." तेव्हा मला आठवलं. बाबांनी मला दुसरी सीडी लिहायला लावली होती आणि मी वैतागलो होतो, "कशाला, ई-मेल करतो की!" ते म्हणाले होते, "असू दे रे एक ताईकडे."

शनिवारी कुरिअर आलं. ६१ पैकी ४७ फोटो उघडले. काही अर्धेच, म्हणजे वर आकाश आणि खाली नुसता राखाडी पट्टा. जेपीईजीत एक तुकडा खराब झाला, की पुढचं सगळं बिघडू शकतं, त्याचा हा परिणाम. गुहागरचा मात्र पूर्ण आला. पँट दुमडलेली, चप्पल हातात, आणि बाबा चक्क हसतायत.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने एक नियम लोकप्रिय केला, ३-२-१. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. बाबांना हा नियम माहीत असण्याचं कारण नाही. पण घराबाहेरची ती 'एक' प्रत त्यांनीच ठेवली होती.

"फोनमधले फोटो क्लाउडवर जातात की," असं तुम्ही म्हणाल. जातात. पण ते बहुतेकदा सिंक असतं. फोनवर पुसलं की तिकडेही पुसलं जातं. नियमही बदलतात. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. बाबांचं खातं आता कोण वापरणार? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवलात, तर तो लहान होतो आणि कधी काढला ती माहितीही त्यातून जाते.

म्हणून आता एक प्रत घरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर आणि एक डिस्क सांगलीला. प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवलाय. एक बिट जरी बदलला, तरी तो जुळत नाही, म्हणजे खराब फोटो चांगल्यावर कॉपी व्हायच्या आधी कळतं. आणि दर दिवाळीच्या साफसफाईला तिन्ही प्रती उघडून बघायच्या. माळा झाडतो, तसंच हेही.

आईला हे सगळं उत्साहाने समजावलं. तिने ऐकून घेतलं, फोटोची प्रिंट उलटी केली आणि मागे बॉलपेनने लिहिलं, 'गुहागर, मे २००५'. मग म्हणाली, "याची एक कॉपी ताईंना पण पाठव."

असो. आज सुट्टीच आहे. तुमच्याकडची सर्वात जुनी सीडी नाहीतर डिस्क काढा आणि त्यातला एक फोटो उघडून बघा. 'आहे' म्हणू नका. उघडून बघा.