तेरा कंपाउंडमधील एक दुपार

माहीम स्टेशनच्या पूर्वेला उतरले की धारावी सुरू होते. तिच्यातील तेरा कंपाउंड या भागात मुंबईने फेकलेले प्लास्टिक पुन्हा कामाला लावले जाते. दुसऱ्या शनिवारची सुटी साधून आम्ही तेथे गेलो. सोबत आमच्या वस्तीतील एक तरुण होता. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. टाकाऊ प्लास्टिकची तार काढून तिच्यापासून थ्रीडी प्रिंटरवर वस्तू तयार करणे, हा त्याचा प्रकल्प आहे.

गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना छपरापर्यंत गोण्या. एका खोलीत बाया माल निवडत होत्या, दुसरीत ग्राइंडर त्याचा चुरा करीत होता. धुतलेला चुरा पत्र्यांवर वाळत घातला होता. पुढे तो वितळवून शेवयांसारख्या दोऱ्या काढतात, पाण्यात थंड करतात आणि कापून दाणा करतात. हा दाणा कारखान्यात जातो आणि त्याच्या नव्या वस्तू होतात. वास उग्र होता. निवडणाऱ्यांच्या हातात मोजे नव्हते.

"काका, माझी तारही अशीच निघते," तो म्हणाला. "फक्त तिची जाडी सगळीकडे सारखी, 1.75 मिलिमीटर लागते. प्रिंटर ती वितळवून 0.4 मिलिमीटरच्या छिद्रातून थरावर थर देतो. पण माझे छिद्र सारखे तुंबते."

निवडणाऱ्या एका मावशींना त्याने आपल्या पिशवीतला चुरा दाखवला. तो शाम्पूच्या बाटल्यांचा होता. मावशींनी मूठभर चुरा पाण्याच्या डब्यात टाकून ढवळला. बराचसा तरंगला, थोडा तळाला बसला. "बाळा, तुझ्या मालात पाण्याच्या बाटलीचा चुरा आलाय," त्या म्हणाल्या.

पुस्तकही हेच सांगते. शाम्पूची बाटली एचडीपीईची असते. ती पाण्यापेक्षा हलकी असून सुमारे 130 अंशांना वितळते. पाण्याची बाटली पेटची असते. ती जड, आणि वितळायला सुमारे 250 अंश लागतात. एकीच्या उष्णतेवर दुसरीचे कण वितळत नाहीत आणि छिद्रात अडकतात. पोराने हे सारे वहीत लिहून घेतले.

मग मावशींनी विचारले, "तुझी वस्तू केवढ्याला विकणार? अन् निवडणारीला काय देणार?" त्याला उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न पुण्यात आधीच विचारला गेला आहे. तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. अमेरिकेतील एमआयटीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुण्याच्याच एका विद्यार्थ्याने 2012 च्या सुमारास प्रोटोप्रिंट हा उपक्रम सुरू करून 'स्वच्छ'शी हात मिळवला. टाकलेल्या एचडीपीईची तार कचरावेचक महिलांनीच तयार करावी आणि भंगाराच्या भावापेक्षा अधिक मोल त्यांच्या पदरात पडावे, असा त्यामागचा विचार होता.

या तरुणाच्या आईने कचरा वेचून त्याला शिकवले. "ज्या घाणीतून काढला, तिथंच परत चाललाय," हे तिचे दुःख आम्ही ऐकले आहे. ते खोटे नाही. कचऱ्याचे काम कोणाच्या वाट्याला आले आणि का आले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. म्हणूनच या कामात यंत्र येताना आपली मुले तेथे हिशेब मागायला हवीत. निवडणारीचे हात चुकले तर लाखाचे यंत्रही बंद पडते. मग तिला रोजंदारीवर का ठेवायचे? नफ्यात तिचा वाटा का नसावा?

आम्ही त्या तरुणाला दोनच गोष्टी सुचवल्या. प्रकल्पाच्या खर्चात निवडणीची मजुरी आणि हातमोजे पहिल्या ओळीत धरावेत. आणि पाण्याच्या डब्याची परीक्षा कोणी शिकवली, ते अहवालात नावानिशी लिहावे. इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या प्रत्येक मुला-मुलीने एकदा तरी असा कारखाना पाहावा आणि तेथील मावशींच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे.