अठ्ठ्याहत्तर पानांची उठाठेव

जठारपेठ, अकोला
अक्षय तृतीयेनंतरचा सोमवार, पहाट

चि. छकुलीस,


तुझा मेसेज वाचला. जलरंगात टॅरोचा, म्हणजे भविष्याच्या पत्त्यांचा, अख्खा कॅट स्वतः काढणार, दिवाळीपर्यंत संपवणार, आणि मावशीने ‘फक्त चार टिप्स’ द्यायच्या. अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या बाईकडून चार टिप्स मागणं म्हणजे काय, ते तुला हे पत्र संपेपर्यंत कळेल. सध्या इथे पहाटेचे साडेचार झालेत. या दिवसांत रंगकाम करायचं तर याच वेळी; आठनंतर अकोल्यात ब्रश धरण्यात अर्थ नसतो.

आधी दिवाळीचं बोलू. २२ मोठी पानं आणि ५६ लहान, मिळून ७८. तू ज्या चित्रांवरून शिकलीस ती पॅमेला कोलमन स्मिथने १९०९ साली लंडनमध्ये काढली, साधारण सहा महिन्यांत. म्हणजे जमतं, असं तू म्हणशील. पण तिची रेघ शाईची होती, रंग छपाईत भरले गेले. शिवाय मोबदला अगदी किरकोळ मिळाला. कॅट ओळखला गेला तो प्रकाशक रायडर आणि मजकूर लिहिणारा वेट यांच्या नावाने. ही बाई फक्त प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आपली छोटी वळणदार सही सोडून गेली. तू सही पहिल्या पानापासून कर, हे मी टिप्समध्ये धरत नाही.

खऱ्या अर्थाने जलरंगात काम केलं ते लेडी फ्रिडा हॅरिसने. अ‍ॅलिस्टर क्रोलीच्या टॅरोला तिने १९३८ मध्ये सुरुवात केली. काही महिन्यांचं काम वाटलं होतं, लागली पाच वर्षं. एकेक पान तो परत करी आणि ती पुन्हा काढी. पत्ते म्हणून ते छापून आले १९६९ मध्ये, तोवर दोघंही गेलेले. ही फ्रिडा म्हातारपणी आपल्याकडे आली आणि १९६२ मध्ये श्रीनगरात वारली, हे मला फार उशिरा कळलं. तर दिवाळी म्हणालीस, पण कोणती ते सांगितलं नाहीस, असं मी समजते.

आता कागद. पान हातात ७ बाय १२ सेंटिमीटरचं असेल, तर चित्र दुप्पट काढ, १४ बाय २४. चहूबाजूंनी पट्टीसाठी एकेक सेंटिमीटर सोडलास की २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण तावात आठ तुकडे बसतात. दहा ताव घेतलेस तर ८०. म्हणजे ७८ पानं आणि दोन चुका माफ. तू कशी काम करतेस ते मला ठाऊक आहे, तेव्हा पंधरा घे, आणि सगळे एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातले. पुढच्या गठ्ठ्याचा कागद पाणी वेगळं पितो आणि मग चाळिसाव्या पानापासून आभाळ बदलतं. ३०० जीएसएम घे, पण फार खरखरीत नको. लहान करून छापताना तो खरखरीतपणा चेहऱ्यावर देवीच्या वणांसारखा दिसतो. आणि फिकट पिवळा वॉश ज्या कौतुकाने देतेस, तो स्कॅनर गिळून टाकतो, हे विसरू नकोस.

पुण्यात तुला वॉश वाळायची वाट पाहावी लागते. इथे तो हाताखालीच वाळतो. आभाळाच्या वरच्या कोपऱ्यातून निघालं की खाली पोचेपर्यंत वर कड धरलेली असते. म्हणून मी काचेवर ओलं सुती फडकं पसरते, कागद मागूनपुढून भिजवून त्यावर टाकते, आणि पाण्यात ग्लिसरीनचा एक थेंब. कूलर बंद. कूलर लावला तर वाळण्याआधी वारा लागतो आणि खसच्या टट्टीतून उडालेला थेंब नेमका नाकावर पडतो. मागच्या आठवड्यात एक चांगली म्हातारी अशीच गेली.

पण खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. कोणत्या पानावर कोण, ही तुझी यादी पाहिली. ‘हर्मिट’च्या पानापुढे तू लिहिलंस: गाडगेबाबा. वऱ्हाडातला टॅरो करायचा तर तेच सुचणार, मान्य. पण ज्या माणसाने आयुष्यभर नवस, बळी, अंगात येणं यांवर झाडू चालवला, त्याला तू भविष्याच्या पानावर उभा करणार? १९५६ साली वलगावच्या वाटेवर देह ठेवला त्यांनी. आज असते तर तुझे ७८ पत्ते खापरात गोळा करून बाजूला ठेवले असते आणि आधी अंगण झाड म्हणाले असते. नाव काढ यादीतून. तुकारामांचंही काढ, आणि अकोल्याच्या राजराजेश्वराच्या कावडीचंही. ओळखीचा संत किंवा देव पानावर आला की बघणारा हात जोडतो, चित्र बघत नाही.

मग काय काढायचं? तू लहान होतीस तेव्हा देवळाबाहेर पोपटवाला बसायचा, आठवतो? पोपट पिंजऱ्यातून निघायचा, चोचीने एक पाकीट ओढायचा, आत एखाद्या देवाची तसबीर आणि तिच्यावरून मग तुझं लग्न, माझी बदली, सगळं. आता देशी पोपट पाळणंच कायद्यात बसत नाही, ते बरंच झालं. त्या पाकिटांच्या कडा चोचीने झिजून मऊ पडलेल्या असत. ते चित्र नव्हतंच, निमित्त होतं. तिथून तुला काही घेता येणार नाही.

घेता येईल ते भेंडवळहून. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ, घटमांडणीचं. तुझे आजोबा मला एकदा घेऊन गेले होते. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात मोठं गोल आखतात, कडेने अठरा धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, ती पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, करंजी. खाली विड्याच्या पानावर सुपारी. रात्री तिथे कोणी फिरकायचं नाही. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य कुठे सरकलं ते पाहून पीकपाणी सांगतात. सुपारी म्हणजे राजा, पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे देशाची तिजोरी, मसूर म्हणजे शत्रू, भादली म्हणजे रोगराई. पावसाबद्दल मी हवामान खात्याचंच ऐकते, तुझे आजोबाही तेच ऐकत आणि तरी दरवर्षी जात. पण छकुले, मांडणी बघ! तुमचा तो पत्ते मांडायचा ‘स्प्रेड’ याहून वेगळा काय असतो? नेमलेली जागा, नेमलेली वस्तू, आणि दोन्ही मिळून एक वाक्य. फरक इतकाच की तुमच्या पत्त्यांसोबत अर्थ सांगणारी पुस्तिका येते. तिथे पहाटेच्या अंधारात उभ्या असलेल्या हजारो शेतकऱ्यांपैकी एकालाही करंजी समजावून सांगावी लागत नव्हती. वरून बंद, आत गोड सारण, फुटली की संपलं. तिजोरीच ती.

तुला ७८ करंज्या शोधायच्या आहेत. रंग हे नंतरचं काम.

लहान ५६ पानांची तुला धास्ती आहे, तिथे सावंतवाडीचा उपयोग होईल. निवृत्तीनंतर शाळेतल्या आम्ही बाया कोकणात गेलो तेव्हा राजवाड्यात दशावतारी गंजिफा पाहिल्या. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२०, सगळी गोल. राजा आणि प्रधान यांची चित्रं, बाकी एक्का ते दश्शी नुसत्या खुणा: माशांच्या छक्क्यावर सहा मासे, परशूच्या सत्तीवर सात परशू. आणि प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, म्हणजे हातात पानांचा पंखा धरला तरी रंगावरून घर कळतं. स्वातंत्र्यानंतर ही कला जवळजवळ गेली होती. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर उरले होते. त्यांच्याकडून राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी स्वतः बसून शिकले आणि मग दरबार हॉलमध्येच कारागिरांना बसवलं. मी तासभर एका मुलीमागे उभी होते. ती एकाच रंगाचा ब्रश घेऊन बारा चकत्यांवरचे फक्त कल्ले काढत होती, मग बारांचे डोळे. तूही तसंच कर. एक पान पुरं करून दुसऱ्याकडे जाऊ नकोस; चारही घरांच्या जमिनीचे चार वॉश एका बैठकीत मिसळ आणि चौदा-चौदा पानांवर देऊन टाक. पॅमेलाने लहान पानांवरही प्रसंग काढले म्हणून तू काढलेच पाहिजेस असं काही नाही.

अजून एक गंमत. गंजिफा गोल, म्हणून तिला उलटं-सुलटं नाही. तुमच्यात पान उलटं आलं की अर्थ फिरतो. तेव्हा प्रत्येक चित्र उलटं धरून बघ, आणि पाठीची नक्षी दोन्हीकडून सारखी ठेव, नाहीतर वाटतानाच कळेल.

हर्मिटचं मी करून पाहिलं. आपल्याकडे थंडीत हरभऱ्याच्या शेतात रानडुकरांसाठी जागल करतात ना, तो माणूस. मचाण, घोंगडी, हातात बॅटरी. प्रशियन ब्ल्यूत बर्न्ट सिएना मिसळून रात्र, आणि बॅटरीचा झोत म्हणजे नुसता कोरा कागद. पहिल्या खेपेला रात्र अर्ध्यात वाळून रेघा उमटल्या. दुसऱ्याचं वाटोळं कूलरने केलं. तिसरं जमलं. चेहरा दिला नाही, घोंगडीचा कोपरा तेवढा वाऱ्यावर.

ते तुला पाठवणार होते. पण काल भांडी घासायला बाई आल्या, ओट्यावर वाळत ठेवलेलं पाहून म्हणाल्या, “हे काय काढून रायल्या वो बाई?” मी म्हटलं, पत्ते. त्यांनी हात पदराला पुसले, पान उचललं, खिडकीकडे नेलं. “हा तं आमचा बुढा होय. असाच बसे जागलीले.” त्यांचे सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, घरात एकही फोटो नाही.

तर ते पान त्यांच्याकडे आहे. तुझ्यासाठी चौथं काढते आहे, कागद भिजवून ठेवलाय, आता लिहिणं थांबवते.

तुझी
मावशी