रॉकर कशाने तुटला?

'रॉकर' म्हटलं की आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांना गिटारवाला आठवतो. उरलेल्यांना व्हायवा आठवते. मला मात्र मामाची बोट आठवते.. आणि पोटात अजूनही गोळा येतो.

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण ही गोष्ट मराठीत घडली, म्हणून मराठीतच सांगतो.

मामाची मासेमारीची बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात असते. गेल्या वर्षी १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीला बंदी होती. तेवढ्या काळात मामाने बोटीचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायला काढलं. मला सुट्टी होती. "भाचेबुवा, पुस्तकातलं इंजिन बघितलंत, आता खरं बघा," म्हणत मामाने मला मिस्त्रीकाकांच्या हाताखाली दिलं.

मेकॅनिकल नसलेल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. रॉकर म्हणजे सी-सॉ. एका टोकाला खालून पुशरॉड ढकलतो, की दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. एका सिलिंडरला दोन, म्हणजे आमच्या इंजिनला बारा. इंजिन १८०० आरपीएमवर चालत असेल तर प्रत्येक रॉकर सेकंदाला पंधरा वेळा डोलतो. बिचाऱ्याला दम खायलाही वेळ नाही!

हेडमध्ये व्हॉल्व्हचे नवीन गाईड बसवून आणले होते. गाईड दाबून बसवला की त्याचं भोक किंचित आवळतं. म्हणून मिस्त्रीकाकांनी मला काम दिलं, "प्रत्येक व्हॉल्व्ह तेलात बुडवून गाईडमध्ये सोड. आपल्या वजनाने सरसर खाली गेला पाहिजे. अडला तर सांग, रीमर फिरवू." नऊ व्हॉल्व्ह छान गेले. तीन मात्र अंगठ्याने ढकलावे लागले. मी मनात म्हटलं, नवीन आहे, रुळेल. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सगळे मोकळे आहेत ना रे?"

"हो," मी म्हणालो. मॅच सुरू होणार होती. कारण एवढंच.

ऑगस्टमध्ये बोट समुद्रात गेली आणि काही तासांतच टकटक आवाज करत परत आली. टॅपेट कव्हर उघडलं तर एक रॉकर तुटलेला! सगळ्यांचं एकमत झालं, पार्टच खराब आला असणार. नवीन रॉकर टाकला, फिलर गेज लावून टॅपेट सेट केलं, बोट पुन्हा बाहेर. या वेळी दोन तुटले, तेही वेगवेगळ्या सिलिंडरचे. दुसऱ्या बोटीने बांधून ओढत आणलं. बर्फ वितळलेला, डिझेल जळालेलं, खलाशी धक्क्यावर गप्प बसलेले. त्यांना आगाऊ पैसे देऊन झाले होते. मामा पार्टवाल्याच्या दुकानात भांडायला निघाला.

मिस्त्रीकाका मात्र तुटलेले तुकडे फडक्यावर मांडून बघत बसले. म्हणाले, "तिन्ही एक्झॉस्टचे. इनटेकचा एकही नाही. पार्ट खराब असता तर तो एक्झॉस्ट बघून तुटला नसता."

माझे कान गरम झाले. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त तापतो. नऊ मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा तीनशे अंशांनी तापला की साधारण ०.०३ मिलिमीटर फुगतो. हे गणित मी पेपरात सोडवलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते! थंड असताना जो अंगठ्याने ढकलावा लागतो, तो तापल्यावर गाईडमध्ये धरणारच. कॅम ढकलायचा थांबत नाही, व्हॉल्व्ह हलत नाही. मधल्यामध्ये रॉकर सापडतो.

कॉन्व्हेंटमध्ये 'सॉरी' दिवसातून वीस वेळा म्हणायचो. त्या दिवशी एकदा म्हणताना घसा कोरडा पडला. "काका, तीन व्हॉल्व्ह घट्ट होते. मी सांगितलं नाही."

मामा दारातच थांबला. मिस्त्रीकाकांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "उघडे अडकले असते तर पिस्टनने ठोकले असते, इंजिनच गेलं असतं. चल, हेड उतरव."

मग दोन दिवस आम्ही दोघंच. रॉकर शाफ्टचे बोल्ट थोडे थोडे, सगळे सारखे सैल केले, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने शाफ्ट वाकतो. रॉकर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले, तेलाची भोकं हवा मारून साफ केली. पुशरॉड काचेवर लोळवून बघितले, दोन वाकडे निघाले. तुटलेले तुकडे जोडून पाहिले तर एक कमी! तो ऑईल संपमध्ये सापडला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. तिन्ही गाईडमध्ये रीमर मी स्वतः फिरवला. ओरखडे पडलेले तीन व्हॉल्व्ह बदलले. बाराही व्हॉल्व्ह पुन्हा सोडून बघितले, एकेक, सरसर. शेवटी नवीन रॉकर चढवले.

बोट गेली आणि या वेळी मासळी घेऊनच आली. मामा मला काही बोलला नाही. पण घरी निघताना मिस्त्रीकाकांनी तुटलेला एक रॉकर माझ्या हातात ठेवला. "इंजिनिअर होशील तेव्हा टेबलावर ठेव. तुटतो तो, आणि चूक दुसऱ्याचीच असते."

टेबल अजून मिळालेलं नाही, म्हणून सध्या तो हॉस्टेलच्या खिडकीत आहे. प्रॅक्टिकलला रीडिंग जुळत नाही आणि शेजारचा म्हणतो, "लिही रे काहीतरी, कोण बघतंय!" तेव्हा तो आठवतो. अशा वेळी मी पुन्हा रीडिंग घेतो. मग मॅच चुकली तरी चालेल!