डेड स्टॉकमधली नामी

"नामी सोड. ती डेड स्टॉक आहे," असं मी आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराला म्हणालो होतो. तो पंधरा वर्षांचा, मी छत्तीसचा. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी नामीऐवजी एनेल घेऊन आला, चार डाव हरला. त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही. त्यानंतर आलाच नाही. हे त्याच्यासाठी लिहितोय असं म्हटलं तर ते खोटं होईल. तो इंग्रजी माध्यमातला, मराठी अक्षरं लावत लावत वाचतो. लिहितोय ते एवढ्याचसाठी की ज्या वहीच्या जोरावर मी हे बोललो ती वही चुकली होती, आणि हे मी अजून कुणाकडेच नीट कबूल केलेलं नाही.

थोडं मागे जातो. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात खानदेशी घरं इतकी आहेत की भाजीवालाही अहिराणीत भाव सांगतो. उधन्याला ताप्ती लाइनची गाडी पकडली की नंदुरबार, अमळनेर, जळगाव. वडील त्याच गाडीने आले आणि लूमवर लागले. मी रिंग रोडच्या एका मार्केटमध्ये साडीच्या पेढीवर हिशेब बघतो. दिवसभर माल वर्गात टाकणं हेच माझं काम. कुठली डिझाइन चालू, कुठली बरी, कुठली डेड स्टॉक. सवय लागली की माणूस कशालाही तिथेच बसवतो. मी तर लग्नात जेवणाच्या पदार्थांचेही तीन वर्ग करतो.

रविवारी आम्ही सात-आठजण टेरेसवरच्या खोलीत वन पीसचे पत्ते खेळतो. इइचिरो ओडाची ही चाच्यांची कॉमिक 1997 पासून जपानमध्ये चालू आहे; तिच्यावरचा पत्त्यांचा खेळ बांदाई कंपनीने 2022 मध्ये काढला. सुरुवातीला बिल्डिंगचे सेक्रेटरी दोनदा वर येऊन बघून गेले. श्रावण होता, आणि गुजरातेत जन्माष्टमीच्या सुमाराला पत्ते म्हणजे तीन पत्ती, तीन पत्ती म्हणजे पैसे, आणि पैसे म्हणजे पोलीस. आमच्या पत्त्यांवर समुद्री चाचे आणि एक बोलणारं रेनडिअर बघून ते गोंधळले आणि खाली गेले.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाचा एक लीडर असतो. तो डेकमध्ये पिसायचा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत समोर उघडा. डेक 50 पत्त्यांचा, एकच पत्ता जास्तीत जास्त चार वेळा, आणि सगळे पत्ते लीडरच्याच रंगाचे. लीडरला 'लाइफ' असतं, बहुतेकांना चार किंवा पाच. तेवढे पत्ते डेकवरून उपडे काढून बाजूला ठेवायचे. मार बसला की त्यातला एक पत्ता हातात येतो, म्हणजे मार खाणाऱ्याच्या हाताशी पत्ता वाढतो. ही गोष्ट मला फार आवडते. लाइफ संपल्यावर आणखी एक मार बसला की डाव गेला.

लीडर निवडला की अर्धा डाव तिथेच ठरतो, म्हणूनच जगभर लोक लीडरांची क्रमवारी लावत बसतात. मीही लावली. अकरा रविवार प्रत्येक डाव वहीत टिपला: कोण, कुठला लीडर, समोर कोण, जिंकला की हरला. मग पेढीच्या भाषेत तीन रकाने. 'चालू'मध्ये सगळ्यांत वर एनेल. पिवळा लीडर, पाच लाइफ, आणि समोरच्याच्या पाळीत लाइफ शून्यावर आलं की डेकवरचा एक पत्ता परत लाइफमध्ये येतो, त्या बदल्यात हातातला एक टाकायचा. मेला म्हणता म्हणता उठून बसणारा. त्याच्या खाली लाल झोरो. त्याच्यावर एक डॉन, म्हणजे ताकदीचा वेगळा पत्ता, ठेवला की आपल्या पाळीत आपले सगळे सैनिक हजाराने वाढतात आणि मग पळत सुटायचं. 'डेड स्टॉक'च्या तळाला नामी.

नामीचं गणितच उलटं आहे. इतर कुणाचाही डेक संपला की तो हरतो. नामीचा डेक संपला की ती जिंकते. तिच्यावर डॉन ठेवून तिने समोरच्याच्या लाइफवर मार दिला की आपल्या डेकमधला वरचा एक पत्ता फेकून देता येतो. म्हणजे ही बाई मारामारी करायची सोडून स्वतःचं कपाट रिकामं करत बसते. मला हे खेळणंच वाटेना. वहीत तिच्या नावापुढे अकरा रविवारांत दोन विजय होते, दोन्ही त्या पोराचे. मी ते आकडे त्याच्यासमोर धरले. आकडे धरले की समोरचा गप्प बसतो हे मला पेढीवर पाठ झालेलं आहे.

यादी व्हॉट्सॲपवर टाकली आणि एक गोष्ट झाली, जिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. खरे पत्ते महाग. आमच्यातले निम्मे प्रॉक्सी छापून घेतात. सुरतेत साड्यांचे कॅटलॉग आणि खोक्यावरचे फोटो छापणारे गल्लोगल्ली आहेत, जाड कागदावर 50 पत्ते छापून कापून मिळणं म्हणजे चहा-लोचोचा खर्च. जिथे पत्ते विकत घ्यावे लागतात तिथे माणूस आहे त्या लीडरवर भागवतो. कपाटात जे आलं ते खेळतो. आमच्याकडे ती अडचण नव्हती. यादी आली, दोन रविवारांत आठपैकी पाच डेक एनेलचे झाले. मला वाटलं, बघा, यादी खरी ठरली.

मग रविवार कंटाळवाणे व्हायला लागले. एनेलसमोर एनेल, दोघेही मरता मरता उठताहेत, पाऊण तास एक डाव. एकदा तर उधन्याचा एक मित्र डावाच्या मध्येच खाली जाऊन भाजी घेऊन आला. वहीत एनेलचे विजय वाढतच होते, अर्थात. एनेल एनेलशी भिडला की एक एनेल जिंकणारच. पेढीवर अशी नोंद कुणी केली असती तर मी त्याला तिथेच पकडला असता: घरातल्या घरात फिरवलेला माल विक्री म्हणून दाखवतोस?

त्याच सुमाराला पेढीवर एक प्रकार घडला. एका फुलांच्या डिझाइनची पार्सलं महिनोन्महिने पडून होती. वर्षअखेरीच्या यादीत मी ती डेड स्टॉकमध्ये काढली. शेठनी यादी वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "माल मरी नथी गयो. खोटी मंडीमां पड्यो छे." पार्सलं दुसरीकडे रवाना झाली आणि पंधरा दिवसांत तिकडून आणखी माल मागवणारा फोन आला. मार्केटमध्ये ही काही नवलाची गोष्ट नाही. अमुक रंग एका मंडीत उचलतात, दुसरीकडे त्याला हात लावत नाहीत, हे पाटीवाल्यालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काही वीजबीज चमकली नाही. मी पार्सलांची नोंद बदलली आणि घरी गेलो. रात्री झोप येत नव्हती म्हणून पत्त्यांची वही काढली, तेव्हा कुठे.

समजा तीनच लीडर आहेत. एनेल झोरोला दहातले सहा डाव मारतो, झोरो नामीला सहा, आणि नामी एनेलला सहा. हे आमच्या खोलीत तरी साधारण असंच होतं: झोरो नामीला श्वास घेऊ देत नाही, एनेल झोरोचा पहिला जोर झेलून उठतो, आणि एनेलचा डाव लांबतो तेवढा नामीला कपाट रिकामं करायला वेळ मिळतो. समोरच्याला लाइफ परत मिळत राहिलं तर तिला मारायला जागाच मिळते. आता खोलीत मी आणि सातजण. त्या सातांत पाच एनेल, एक झोरो, एक नामी. मी सगळ्यांशी एकेक डाव खेळणार. एनेल घेऊन बसलो तर सातांत सरासरी साडेतीन डाव माझे. झोरो घेतला तर 3.1. नामी घेतली तर 3.9. डेड स्टॉक पहिल्या नंबरावर. आता सातांतल्या पाचांच्या हातात एनेलऐवजी झोरो द्या, एनेल आणि नामी एकेक ठेवा, आणि तीच बेरीज करा: एनेल 3.9, नामी 3.1. लीडर तेच, पत्ते तेच, नियम तेच. बदलली ती खोली.

आणि खोली पाच एनेलांची कुणी केली? माझ्या यादीने. म्हणजे ज्या दिवशी मी त्या पोराला नामी सोडायला सांगितलं, त्याच दिवसापासून ती खोलीतली सगळ्यांत शहाणी निवड होत चालली होती. त्याने माझं ऐकलं आणि सहावा एनेल होऊन चार डाव हरला.

दुसरी गोष्ट कबूल करायला जास्त जड जाते. वहीत एनेलचे जे विजय होते त्यांतले निम्म्याहून जास्त माझे होते. मी आमच्यात सर्वांत जुना खेळाडू, माझ्या हाताला सगळे पत्ते पाठ. मी काहीही खेळलो असतो तरी बहुतेक जिंकलो असतो. मी एनेल खेळलो, म्हणून एनेल वर गेला. क्रमवारी लीडरची म्हणून लावली आणि पहिल्या नंबरावर स्वतःला बसवलं. हे तपासायला एका रविवारी मी सगळ्यांना डेक अदलाबदल करायला लावले. माझा एनेल भाजीवाल्या मित्राकडे गेला, मला त्याचा हिरवा डेक आला, ज्याला मी 'बरा' म्हणून मध्ये टाकलं होतं. त्या दिवशी मी बऱ्यापैकी जिंकलो. माझा एनेल चारपैकी तीन डाव हरला. मित्र म्हणाला, "तुझा देव माझ्याकडे पावत नाही."

आता मी दुसऱ्या टोकाला जाऊन सगळे लीडर सारखेच असं म्हणणार नाही. नाहीत. काही खरोखर कमजोर असतात, आणि दोन-तीनशे अनोळखी लोकांच्या स्पर्धेला जाणाऱ्याला क्रमवारीचा उपयोग होतो, कारण तिथे खोली सरासरीच्या जवळ जाते. दर काही महिन्यांनी नवा संच येतो आणि तीही क्रमवारी ढवळली जाते, ते वेगळं. पण आठजणांची टेरेसवरची खोली म्हणजे जपानमधली स्पर्धा नव्हे, हे मला कळायला हवं होतं. माझा तर धंदाच मंडी ओळखण्याचा.

मध्यंतरी सावंतवाडीला गेलो होतो, तिथल्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा रंगवताना कारागीर बघितले. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही मोडत चाललेली कला पुन्हा उभी केली. गोल पत्ते, 120. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मला चित्रांपेक्षा नियम ऐकून मजा वाटली. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. परशुरामापासून कल्कीपर्यंत उलट: प्रधानानंतर एक्का मोठा, दश्शी तळाला. आणि उतारी कुणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, रात्री कृष्णाच्या राजाची. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच कळलं होतं छापाचं काही मी म्हणणार नाही. तो खेळ वेगळा, ही गोष्ट वेगळी. पण सूर्य मावळला म्हणून पहिला मान दुसऱ्या राजाकडे जातो हे ऐकताना बायको माझ्याकडे बघून हसली. तिने वही बघितलेली आहे.

वही अजून आहे. त्यात मी एक रकाना वाढवलाय, 'कोण कोण आले होते'. त्यामुळे एकही पान दुसऱ्या पानाशी जुळत नाही आणि यादी काही होत नाही. व्हॉट्सॲपवरची जुनी यादी काढून टाकली, पण सगळ्यांच्या फोनमध्ये ती आहेच. एकाने परवा एका नवख्याला पाठवली, माझ्या नावासकट.

पोराचा नामीचा डेक माझ्याकडेच राहिला होता. एनेल घेतल्यावर त्याने तो खोलीतल्या कपाटात ठेवला आणि मग तो आलाच नाही. खरे पत्ते आहेत, प्रॉक्सी नाहीत. वर्षभर पैसे साठवून घेतलेले. गेल्या दोन महिन्यांत मी तोच खेळलो. पहिले चार डाव सपाटून हरलो, कारण नामी खेळायला हात वेगळा लागतो. तो त्या पोराला होता, मला नाही. नंतर एनेलवाल्यांना एकदा-दोनदा रडवलं. गेल्या रविवारी समोर झोरो आला. माझ्या डेकमध्ये तीन पत्ते उरले होते, लाइफ शून्य. आणखी एक पाळी मिळाली असती तर जिंकलो असतो. नाही मिळाली.

संध्याकाळी त्या डेकची पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार त्याच्या आईने उघडलं.

"वहिनी, त्याचे पत्ते आहेत माझ्याकडे. द्यायला आलो. त्याच्याशी जरा बोलायचंही होतं."

"क्लासला गेलाय भाऊ." त्यांनी पेटीकडे बघितलं. "ते असू द्या तुमच्याकडेच. दहावी आहे यंदा. दिसले की पुन्हा बसेल घेऊन."

मार्चनंतर आणून देतो म्हणालो आणि पेटी घेऊन जिना उतरलो.