दालन भरल्यावरचा सूर

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात नाट्यगृह आणि कलादालन एकाच वास्तूत आहेत. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जयंतीला, ही वास्तू रसिकांसाठी खुली झाली. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रं तिथे आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. गाणं आणि चित्र शेजारी नांदावं, ही आपल्याकडची जुनीच हौस. आता ती एक पाऊल पुढे गेली आहे. शहरातल्या चित्रकारांची चित्रं भिंतींवर असतानाच दालनात सतरंज्या अंथरल्या जातात आणि शहरातलेच गायक-वादक तिथे मैफल करतात. अशा रात्रींची ध्वनिव्यवस्था सांभाळणं हे माझं काम, आणि त्यात मला मनापासून आनंद आहे.

चित्रांना सोयीची खोली गाण्याला मात्र अवघड जाते. गुळगुळीत गिलावा, चकचकीत फरशी, काचा लावलेल्या चौकटी. आवाज शोषून घेईल असं काहीच नाही. रिकाम्या दालनात एक टाळी वाजवा, समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती फडफडत राहते. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच दालन धरलं, तर त्यात आवाज पुरता विरायला साधारण चार सेकंद लागतात. संथ आलापाला हा घुमारा एक वेळ चालेल. पण तबलजी सेकंदाला आठ बोल वाजवू लागला, की आधीचे तीस बोल विरायच्या आत नवा बोल येऊन पडतो. मग ‘तिरकिट’चा नुसता गलका होतो.

हे गणित ज्याने मांडलं, त्या वॉलेस सॅबिनपुढचा पेचही एका कलासंग्रहालयातलाच होता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं समजत नव्हतं. १८९५ च्या सुमारास सॅबिनने हा प्रश्न हाती घेतला. रात्री सगळीकडे सामसूम झाली की जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या तो तिथे आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी व्हायचं. माणसंही आवाज शोषतात, हेही त्याने मोजून दाखवलं.

म्हणून माझ्या लेखी श्रोता हा मैफलीतला साथीदारच असतो. वरच्याच दालनात ऐंशी माणसं दाटीवाटीने बसली, की चार सेकंदांचे सव्वा सेकंदाच्या आसपास होतात. पण कपडे आणि अंग तार स्वर जास्त शोषतात, खर्ज तितका शोषत नाहीत. त्यामुळे दुपारी रिकाम्या दालनात जुळवलेला आवाज रात्री तसाच ठेवून चालत नाही. पहिली बंदिश सुरू असताना डग्ग्याचा खालचा घुमारा मी हलकेच उतरवत जातो.

बाकीची तयारी साधी असते. गायकाच्या पाठीमागे जाड पडदा, तोही भिंतीला चिकटवून नव्हे, वीतभर पुढे. मागे पोकळी राहिली की कापड जास्त आवाज खातं. दोन मोठे स्पीकर कोपऱ्यांत उभे करण्याऐवजी छोटे स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, हळू आवाजात. तानपुरा गायकाच्या कानाशी, शक्यतो माईकविना.

मागच्या रांगेला शब्द कळेनासे झाले, की ‘आवाज वाढवा’ अशी हाक येते. अशा खोलीत आवाज वाढवला की गाण्याबरोबर घुमणंही तितकंच वाढतं आणि शब्द होते तिथेच बुडालेले राहतात. स्पष्टपणा हवा असेल तर स्पीकर जवळ आणावा, माईक गायकाच्या तोंडाशी घ्यावा, पंखे बंद करावेत आणि मग आवाज चक्क कमी करावा. मींड ऐकू येते ती तेव्हा.

आयोजकांकडे माझं एकच मागणं आहे. कुठलं चित्र कुठल्या उजेडात टांगायचं हे ठरवायला चित्रकाराला सबंध दिवस मिळतो. गवयाला माईकपुढे जेमतेम पाच मिनिटं. चित्रं टांगाल त्याच दिवशी ध्वनिव्यवस्था करणाऱ्यालाही बोलवा, आणि एक भिंत कापडासाठी सोडा. आपल्या गावचा गायक आपल्या माणसांपुढे गातो, तेव्हा त्याचा प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू यावा, एवढा मान तर त्याला मिळायलाच हवा.