निशाणी नांगर

निलगिरीत, वेलिंग्टनला पोस्टिंग होती तेव्हाची गोष्ट. चार दिवस सुट्टी मिळाली आणि आम्ही सगळे तंजावरला गेलो. बृहदीश्वराच्या देवळात लोक मान वर करून शिखर बघत होते. आमची मुलगी मात्र आवारातल्या एका भिंतीपाशी थबकली. "बाबा, हे मराठी आहे!"

खरंच मराठी होतं. सरफोजीराजांनी 1803 साली आपल्या भोसले कुळाचा इतिहास त्या भिंतीवर कोरून घेतला. दगडावर बोट फिरवत ती काही शब्द वाचत राहिली आणि मग तिने विचारलं, "आपल्या घराण्याचं असं कुठे लिहिलंय?"

"गावी पेटीत आहे," मी ऐटीत म्हणालो.

दुपारी राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह सरफोजींनी वाढवला, आणि 1918 पासून तो सर्वांसाठी खुला आहे. हस्तलिखितांबरोबर तिथे मराठा दरबाराच्या मोडी दप्तराचे तेराशेहून जास्त गठ्ठे आहेत. काचेआडच्या एका मोडी कागदाकडे बोट दाखवून मुलगी म्हणाली, "हे वाचा ना."

मला येईना.

"पण हे मराठीच आहे ना?"

मराठीच होतं. आणि आमच्या पेटीतला कागदही असाच मोडी होता. तोही मी कधी वाचलेला नव्हता. आमच्याकडे कुणीच वाचला नव्हता.

त्या कागदाची कथा मात्र सगळ्यांना पाठ होती. खापरपणजोबांना तलवारीच्या जोरावर जमीन मिळाली, त्याची ही सनद. खाली तलवारीचं चित्रही आहे. चार पिढ्या फौजेत का, तर हे रक्तातच आहे! अण्णा सुभेदार म्हणून रिटायर झाले. मी एनडीएला निघालो त्या दिवशी त्यांनी तो कागद देवापुढे ठेवून मला पाया पडायला लावलं होतं.

फौजेत प्रत्येक जवानाचा किंड्रेड रोल असतो. आई, वडील, बायको, मुलं, सगळ्यांची नोंद चोख. रेजिमेंटचा शंभर वर्षांचा इतिहास आम्ही तोंडपाठ म्हणतो. पण स्वतःच्या घरातला एक कागद वाचता येत नाही. खडकवासल्याला तीन वर्षं काढली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, पण तिकडे पाऊल वळलं नाही. रविवारची लिबर्टी सिनेमात गेली.

पुढच्या वार्षिक सुट्टीत गावी गेलो तर तालुक्याच्या वाचनालयाबाहेर फलक होता: दहा दिवसांचा मोडी वर्ग, घरचे जुने कागद घेऊन या. मी नाव घातलं. वर्गात निवृत्त शिक्षक होते, वकिलाचे कारकून होते, आणि कुणबी नोंदी शोधणारी बरीच तरुण मुलं होती. 2023 नंतर या नोंदींमुळे मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आहे. मी सगळ्यांत मागच्या बाकावर बसलो, रिक्रूटसारखा.

मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग तिला अक्षरं टांगत जातात. लेखणी शक्यतो उचलायची नाही. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिले तीन दिवस मला सगळं काटेरी तारेसारखं दिसत होतं. सहाव्या दिवशी 'रुपये' हा शब्द ओळखू आला, आणि तिथेच पोटात काहीतरी हललं. सनदेत रुपये कशाला?

नवव्या दिवशी गुरुजींच्या मदतीने पूर्ण कागद लागला. शके 1799, ईश्वरनाम संवत्सर. म्हणजे 1877, दख्खनच्या मोठ्या दुष्काळातलं साल. खापरपणजोबांनी सावकाराकडून तीस रुपये घेतले होते. गहाण एक शेत आणि एक बैल. तो कर्जरोखा होता. खालच्या चित्राजवळ लिहिलं होतं, 'निशाणी नांगर'. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा. आम्ही शंभर वर्षं त्याला तलवार म्हणत होतो.

गुरुजींनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "साहेब, असं बऱ्याच घरांत निघतं."

दोन दिवस मी अण्णांना काही बोललो नाही. ऐंशीच्या घरातला माणूस, उभं आयुष्य त्या तलवारीवर काढलेलं. खोटं सांगणं सोपं होतं. पण सकाळी त्यांनीच विचारलं, "लागला का कागद?" मी ओळ न ओळ वाचून दाखवली.

बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "एकच बैल? मग नांगर कसा ओढला असेल?" थोड्या वेळाने पुन्हा, "म्हणजे पोटासाठी गेले रे आपले लोक पलटणीत." आणि मग स्वतःशीच, "मी तरी कशासाठी गेलो होतो?"

त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांनी स्वतःच्या भरतीची खरी हकीकत सांगितली. घरातली उपासमार, उसना सदरा, भरतीच्या मैदानापर्यंतची रात्रभराची पायपीट. मुलगी वहीत लिहून घेत होती.

कागदाची स्कॅन प्रत आम्ही वाचनालयाला दिली. मूळ कागद पेटीत परत गेला.

माजी सैनिक मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे. घरी मोडी कागद असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात गुंडाळा आणि जवळच्या वाचनालयात मोडी जाणणारं कुणी आहे का विचारा. डिस्चार्ज बुकाची प्रत काढून ठेवा. महायुद्धात कुणी कामी आलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आजच शेजारी बसा. ती नोंद कुठल्याच ग्रंथालयात नाही.

यंदा दसऱ्याला अण्णांनी तो कागद पुन्हा पूजेत ठेवला. मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले, "खंडेनवमीला नांगरही पुजतात की."