पात्याखालची पट्टी

चंदगडचा पाऊस कागदाला मानवत नाही. जून लागला की कपाटातल्या वह्या फुगतात, पाकिटांचा डिंक आपसूक चिकटून बसतो आणि हातकागद तर हाताला ओल्या भाकरीसारखा लागतो. अशाच एका कुंद महिन्यात मी डाय, म्हणजे कागद हव्या त्या आकारात कापणारं पातं, चालवायला शिकले. निमित्त होतं हातकागदाच्या छोट्या रोजनिश्यांचं. त्यांच्या मुखपृष्ठाला काजूच्या पानाच्या आकाराची खिडकी हवी होती.

यंत्र लहानसं, उसाच्या चरकाचं धाकटं भावंडच. खाली पाट, त्यावर प्लॅस्टिकचं पॅड, त्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय, वर आणखी एक पॅड. हा सगळा थर दोन रुळांमध्ये सारायचा आणि मूठ फिरवायची. दुकानातल्या कार्डशीटचं पान पहिल्याच फेरीत सुटून आलं. हातकागदाचं मात्र निम्मं कापलं, निम्मं तसंच धरून राहिलं. ओढलं तर कडेला कापसाची लव.

हा कागद आधी कापडच असतो. शिंप्याकडचं, होजिअरीच्या कारखान्यातलं सुती कातरण कुटून त्याचा लगदा करतात, तो पाण्यात कालवतात आणि जाळीच्या साच्याने एकेक ताव उचलतात. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशींनी गांधीजींच्या प्रेरणेने 1940 साली हातकागद संस्था उभी केली, तीही याच मार्गाची. त्याच्या कितीतरी आधी जुन्नरचे आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे कारागीर असेच ताव उचलत होते. सुताचा तंतू लांब आणि चिवट. शिवाय साचा उचलणारा हात माणसाचा, म्हणून एकाच तावात कुठे जाडी जास्त, कुठे कमी. मला हा कागद आवडतो तो याच कारणासाठी, आणि पातं अडतं तेही इथेच.

मी जोर वाढवला. पॅडं वाकली, मूठ करकरली, पान फाटलं.

मग एकदा बेळगावला गेले असताना एका छापखान्यात डाय-पंचिंग बघत तासभर उभी राहिले. तिथली डाय म्हणजे 18 मिलिमीटर प्लायवूडच्या खाचेत वाकवून ठोकलेली पोलादी पट्टी. तिची उंची 23.8 मिलिमीटर. कापायची पट्टी धारदार. घडीची जरा बुटकी आणि माथ्याला गोल, म्हणजे कागद न कापता नुसता दबतो. कापणं आणि घडी पाडणं एका दाबात व्हावं, ही युक्ती 1879 साली ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर या छापखानेवाल्याला सापडली असं सांगतात. बियाण्यांच्या पिशव्या छापताना घडीची पट्टी सरकली आणि पिशव्याच कापल्या गेल्या. नुकसान बघून कपाळाला हात न लावता तो त्या कापाकडे बघत राहिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

बेळगावच्या कारागिराने मात्र मला वेगळीच गोष्ट दाखवली. पहिलं पान काढून त्याने ते उजेडासमोर धरलं, कुठे कापलं नाही ते बोटाने चाचपलं आणि तेवढ्याच जागी, पात्याच्या समोरच्या पत्र्यामागे, पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावला. पुन्हा पान, पुन्हा उजेड, आणखी एक तुकडा. यंत्राचा दाब त्याने जराही वाढवला नाही.

घरी येऊन हे आत्याला सांगितलं. तिची निम्मी हयात काजूच्या कारखान्यात गेली. तिथेही डायच असते. गराच्या वळणाची दोन पाती, हातात दांडा, पायाखाली पेडल. वाफवलेली बी मध्ये धरली की पाती टरफलात शिरतात आणि गर अख्खा सुटतो. चिकाने हात भाजू नयेत म्हणून बायका आधी तेल चोळतात. गर अख्खा राहिला तरच त्याला भाव. 240 नंबरचा गर म्हणजे एका पौंडात फार तर 240 दाणे. आत्या म्हणाली, “आधी बी निवड, मग पात्याला दोष दे.” कारखान्यात लहान-मोठी बी चाळून वेगळी करतात, मगच ती पात्यापुढे येते.

पण ताव चाळता येत नाही. जाड आणि पातळ एकाच पानात शेजारी नांदतात. म्हणून प्रत्येक ताव आता मी आधी खिडकीशी धरते, जाड जागा पेन्सिलीने खुणावते, पॅडाखाली तेवढीच पट्टी लावते. पहिल्या फेरीनंतर थर उलट्या तोंडाने पुन्हा सारते. एका पानाला दहा मिनिटं लागतात. व्यापाराच्या हिशेबात हे बसत नाही हे मला ठाऊक आहे, तरी हाच रस्ता बरोबर आहे असं माझं ठाम मत झालं आहे. हातकागद सपाट करून, यंत्राला सोयीचा करून घ्यायचा असेल तर कार्डशीट काय वाईट होतं?

खिडकीतून निघालेली पानं मी टाकत नाही. सुती कागदाचं कातरण पुन्हा भिजतं, पुन्हा लगदा होतं. सव्वा किलोची एक पिशवी भरली आहे. पाऊस उघडला, ऊन तापलं की ती भिजत घालायची आहे.